अश्शूर तर कधीच संपलं, मग मीखा बोलतोय कुणाबद्दल?

प्रश्न : नाताळच्या आधी आमच्या मंडळीत बायबलातल्या मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ५ वा अध्याय घेतला. बेथलेहेमातून अधिपती निघेल, तोच शांती होईल, अश्शूरी देशात घुसला तर तो आपल्याला सोडवील. पण येशू जन्मला तेव्हा रोमन होते, अश्शूर कुठनं आलं? दुसरं म्हणजे आमचा चुलत दिरांशी बांधावरनं वाद आहे, कोर्टात नुसत्या तारखा पडतायत. एक बहीण म्हणाली हेच वचन धरून प्रार्थना कर, शत्रू हटेल. करू का?
— एक भगिनी, तासगाव तालुका

उत्तर : ताई, बरोब्बर ठिकाणी बोट ठेवलंत. अश्शूर म्हणजे आजच्या इराकातलं जुनं साम्राज्य, त्याची राजधानी निनवे पडली इ.स.पू. ६१२ ला, म्हणजे येशूच्या सहाशे वर्षं आधीच अश्शूरचा खेळ खल्लास. पण मीखा बोलत होता तेव्हा ते दारात आलेलं संकट होतं. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास उत्तरेकडच्या इस्राएलची राजधानी शोमरोन गेली, ७०१ ला अश्शूरचा राजा सन्हेरीब दक्षिणेकडच्या यहूदात घुसला, त्यानं तिथलं लाखीश हे तटबंदीचं शहर पाडलं आणि त्या वेढ्याची चित्रं निनवेच्या राजवाड्यात दगडात कोरून घेतली, ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मीखाचं गाव मोरेशेथ याच लाखीशच्या पट्ट्यातलं, तेव्हा फौज येणार ती आधी त्याच्याच शिवारातनं, यरुशलेमचा नंबर नंतर. यहूदाचा राजा हिज्कीयानं तीनशे किक्कार (हे तेव्हाचं मोठं वजन) चांदी नि तीस किक्कार सोनं भरलं तरी सन्हेरीबाचं समाधान झालं नाही.

आता नावाचं बघा. आपण अजून म्हणतो की नाही, "इथं काय मोगलाई लागलीय का?" औरंगजेबानं साताऱ्याचा अजिंक्यतारा घेतला १७०० साली, मोगल गेले पण शब्द राहिला. तसंच बायबलातल्याच एज्राच्या पुस्तकात ६ व्या अध्यायात चक्क पारसाच्या, म्हणजे इराणच्या, राजाला "अश्शूरचा राजा" म्हटलंय, आणि तेव्हा अश्शूर बुडून जवळजवळ शंभर वर्षं झाली होती. त्यामुळं मीखाचा अश्शूरी त्याच्या काळात खराखुराच, पण पुढच्या लोकांनी त्यात आपापल्या काळातला जुलमी बघितला, हे मला पटतं. आणि त्याच अध्यायात अश्शूरीविरुद्ध उभे राहणारे "सात मेंढपाळ, आठ सरदार" वाचून काहीजण कोण ते सात, कोण ते आठ असा हिशोब मांडत बसतात, अहो आपण "सात-आठ जण आले" म्हणतो तसंच आहे ते, हवे तेवढे, वर एखादा जास्तच.

दिरांचं म्हणाल तर प्रार्थना जरूर करा, पण त्यांना अश्शूरी करू नका. हे वचन एका घाबरलेल्या देशाला दिलंय, भावकीतल्या बांधाला नाही. आणि ६ व्या वचनापाशी थांबू नका, १० व्यात देव त्यांनाच म्हणतो की तुझे घोडे मी नाहीसे करीन, तुझे रथ मोडीन. म्हणजे शत्रूची हत्यारं जातीलच पण आपलीपण! मला विचाराल तर उपदेशात हे वचन मुद्दाम गाळतात. मागच्याच पानावर, ४ थ्या अध्यायात, भाल्यांच्या कोयत्या होतात, त्या वेल छाटायच्या, आणि पुढं जो तो आपापल्या द्राक्षवेलीखाली निवांत बसतो. द्राक्षाची खरड छाटणी करणाऱ्या तुमच्या तालुक्याला मी हे काय सांगायचं.

आणि हो, बांधाची सरकारी मोजणी झाली नसेल तर आधी अर्ज टाका, ते काम मीखाकडं नाही.