खासगी शाळांना सरकारी पैसा द्यावा का? आधी प्रवेशअर्ज वाचा

तुमचा प्रश्न असा: पालकांनी खासगी शाळा निवडली तर सरकारचा तेवढा खर्च वाचतो, मग त्या शाळांना अनुदान द्यायला हरकत काय? त्याने विषमता खरंच वाढते का?

खर्च वाचतो हे मलाही आधी पटायचं. सरकारी शाळेत शिकवायला लागल्यावर पटेनासं झालं. माझ्या तीस मुलांच्या वर्गातून दोन वर्षांत सात जण खासगी शाळेत गेले. वर्गाला शिक्षक एकच लागायचा, तो नंतरही लागलाच. खोली तीच, वीजबिल तेच. पण शाळेला पैसे मुलांच्या डोक्यामागे मिळायचे, त्यामुळे सात जणांचे कमी झाले. पहिली कुऱ्हाड पडली ती वाचनात मागे पडलेल्यांना वेगळं बसवून शिकवणाऱ्या बाईंवर. त्यांची गरज असलेलं एकही मूल त्या सातांत नव्हतं. शिवाय सभेत उभं राहून ‘गणिताचे तास का बुडाले?’ असं विचारणारे पालक नेमके त्या सातांचेच होते. ते गेल्यावर विचारणारं कुणी उरलं नाही. मला हे नुकसान पैशाहून मोठं वाटतं, आणि ते कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

चिलीने हा प्रयोग देशभर केला. १९८१ पासून शाळा सरकारी असो की खासगी, मुलामागे सरकारी रक्कम मिळू लागली. पुढे १९९० च्या दशकात अनुदानित खासगी शाळांना त्यावर फी घेण्याचीही मोकळीक मिळाली. कुठली मुलं घ्यायची हेही त्या शाळा पारखून ठरवत. मग ज्याच्या घरच्यांना जेवढी फी झेपेल तशी मुलं शाळाशाळांत विभागली गेली. २००६ मध्ये शाळकरी मुलंच रस्त्यावर उतरली. गणवेशावरून त्यांना ‘पेंग्विन’ म्हणत. २००८ पासून गरीब मुलांमागे जादा रक्कम सुरू झाली आणि २०१५ च्या कायद्याने अनुदान घेणाऱ्या शाळांतला नफा, वरची फी आणि मुलं निवडणं टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं.

पण म्हणून ‘खासगी’ हा शब्दच वाईट, असं मी म्हणणार नाही. नेदरलँड्समध्ये १९१७ पासून खासगी संस्थांच्या शाळांना सरकारी शाळांइतकाच पैसा मिळतो आणि बहुसंख्य मुलं त्यांतच शिकतात. १९८० च्या दशकापासून तिथे कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांमागे प्राथमिक शाळेला जास्त पैसे देण्याची पद्धत आहे. (बाराव्या वर्षाच्या आसपास मुलांना वेगवेगळ्या प्रवाहांत घालतात, ते मात्र मला अजिबात पटत नाही.)

आणि सरकारी म्हणजे समान, हेही खरं नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये १९६७-६८ साली एजवूड या गरीब वस्तीच्या शाळाविभागाने आपल्या सरकारी शाळांसाठी घरजमिनीवर जास्त दराने कर लावला, तरी मुलामागे २६ डॉलर जमले. शेजारच्या श्रीमंत अलामो हाइट्सने कमी दराने ३३३ जमवले. एजवूडच्या पालकांनी याविरुद्ध दाद मागितली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७३ मध्ये ते पाच विरुद्ध चार मतांनी हरले.

म्हणून मी शाळा कुणाची हे नंतर बघतो, आधी प्रवेशअर्ज बघतो. एका विद्यार्थिनीच्या आईला मी असा अर्ज भरायला मदत केली होती. मुलीबद्दल चार ओळी आणि आई-वडिलांचं शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न यांना अख्खं पान. ‘आईचे शिक्षण’ या रकान्याशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “हे रिकामं ठेवलं तर चालेल का?” मला काय उत्तर द्यावं सुचेना.

तेव्हा माझं उत्तर: अनुदान द्यावं, पण जी शाळा ते घेईल तिने वर फी घेऊ नये, अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकून प्रवेश द्यावा, आणि ज्या मुलाला शिकवायला जास्त कष्ट लागतात त्याच्यामागे पैसेही जास्त मिळावेत. या अटी नको असतील त्या शाळेने खुशाल स्वतःच्या पैशावर चालावं.