वाचक विचारतात: सही एकच, हात तीन

प्रश्न: आजोबा, वडील आणि आत्या, तिघांनीही शेतशिवारं आणि शहरातल्या गल्ल्या रंगवल्या. पुष्कळ चित्रांवर सही नुसती आडनावाची आहे. कोणतं कुणाचं, कसं ओळखायचं?

सही सगळ्यात शेवटी बघा. व्हेनिसच्या कानालेत्तो या चित्रकाराचा भाचा बेर्नार्दो बेलोत्तो (१७२२–१७८०) मामाचंच नाव सहीत लावायचा. त्याच्या सुरुवातीच्या शहरचित्रांवरून जाणकारांत वाद झाले, ते सावल्यांचा गडदपणा आणि रंगांचा थंडपणा तपासूनच सोडवावे लागले.

आधी चित्र चौकटीबाहेर काढून मागची बाजू बघा. पेन्सिलीच्या नोंदी, चौकटवाल्याचं लेबल, जे असेल त्याचा फोटो घ्या. कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह (कागद बनवतानाच उमटवलेली खूण) पाहा. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च मारल्यावर कागद निळसर पांढरा चमकला, तर तो बहुधा १९५० नंतरचा. थॅलो निळा (कारखान्यात बनणारा एक गडद निळा रंग) सापडला, तर चित्र १९३५ च्या आधीचं नाही. पण तो नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका. या सगळ्यातून कळतं ते फक्त 'याआधीचं नाही' एवढंच. एका घरात कागदाचे गठ्ठे आणि रंगाच्या ट्यूबा वारशाने येतात, त्यामुळे आजोबांच्या कागदावर नातही रंगवू शकते. गल्लीच्या चित्रात दिव्याचे खांब, तारा, गाड्यांची घडण बघा. शेताच्या चित्रात असा पुरावा क्वचितच मिळतो.

हात ओळखायचा तर प्रत्येकाची खात्रीची पाच-सहा चित्रं शेजारी मांडा आणि कंटाळवाणे कोपरे ताडून पाहा: पुढचं गवत, झाडाच्या कडा, लांबची माणसं. देखावा बापाकडून उचलता येतो, पण गवताचा फटकारा सवयीने पडतो. पांढरं कसं आणलंय, तेही बघा. कुणी कागद कोरा सोडतं, कुणी वरून अपारदर्शक पांढरा लावतं. ठरलं की मागे कडेला मऊ पेन्सिलीने हलकेच लिहा, बॉलपेनने नको. शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह टाका.

प्रश्न: जलरंगातले करडे ढग तांबूस झालेत, कागदावर तपकिरी ठिपके आहेत. पावाच्या तुकड्याने पुसू का?

नको. कण अडकतात आणि त्यावर कीड-बुरशी येते. इंडिगो (नीळ) आणि तांबडी माती मिसळून केलेल्या करड्यातला इंडिगो उजेडाने उडतो, माती टिकते; म्हणून ढग लालसर दिसतात. गेलेला रंग परत येत नाही. उरलेला वाचवायला उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आसपास ठेवा आणि चित्र खिडकीसमोर लावू नका. ठिपके बुरशीचे किंवा कागदातल्या लोहकणांचे असतात. ब्लीच लावाल तर ते कागदच खाईल. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा. माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) आम्लरहित हवा (कापलेल्या कडेला तपकिरी रेघ दिसली की आधी तो बदला) आणि काच रंगाला टेकता कामा नये. जुनी सेलोटेप ओढून काढू नका, कागदाचा थर सोलून येतो. ते काम चित्रसंवर्धकाकडे द्या.