पुढून दोन इंच उचललेल्या टोयोटा हायलक्स पिकअपला कोणत्या साइझचे ऑल-टेरेन टायर बसतील? वापर नागपूर शहर आणि उमरेडकडच्या शेताचा कच्चा रस्ता.

265/65 आर18 घ्या, त्याच्या वर जाऊ नका. कंपनीचा 265/60 आर18 सुमारे 775 मिमी उंच असतो, हा साधारण 802 भरतो. म्हणजे जमिनीपासूनची उंची जेमतेम 13 मिमी वाढते आणि मीटरवर 100 दिसेल तेव्हा गाडी 103 च्या आसपास असेल.

लेव्हल किट (गाडीची पुढची बाजू उचलणारा संच) लावली म्हणजे हवा तो टायर बसतो, हा समज डोक्यातून काढा. गाडी उभी असताना जागा दिसते, पण खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दबलं की चाक जवळपास पूर्वीइतकंच वर येतं. म्हणून एकच टायर चढवून बघा: एक पुढचं चाक उंचवट्यावर घ्या, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, रिव्हर्समध्येही. बहुतेक वेळा आधी मडगार्डच्या आतलं प्लास्टिक घासतं. कमी ऑफसेटची, म्हणजे चाक बाहेरच्या बाजूला काढणारी रिम टाकाल तर हा त्रास नक्की वाढेल.

पावसाळ्यात आपली काळी माती ऑल-टेरेनच्या खाचाही भरून टाकते, मग टायर गुळगुळीत झाल्यासारखा घसरतो. त्यामुळे रुंदी वाढवण्यापेक्षा मोकळ्या खाचांची नक्षी निवडा. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. मे महिन्यात हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासा. स्टेपनीही त्याच साइझची घ्या, आणि ती खालच्या जागेत मावते का ते पैसे देण्याआधीच पाहा. विमा कंपनीलाही बदल कळवून ठेवा.