नाथसागराकाठी जुने घर घेताना

नाथसागराकाठचे, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाकाठचे घर उन्हाळ्यात पाहून लगेच इसार देऊ नये. जायकवाडीची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट असल्याने, धरण भरल्यावर पाणी कुठवर येते हे गावकऱ्यांना विचारावे आणि जागा धरणासाठी संपादित क्षेत्रात किंवा पक्षी अभयारण्याच्या हद्दीत नाही याची खात्री मोजणी नकाशावरून करावी. सातबारा, फेरफार वकिलाकडून तपासून घ्यावेत. गाळपेराच्या, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवरचे घर तर कितीही स्वस्त मिळो, घेऊच नये. भिंतींकडे मात्र सावकाश पाहावे: काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेली असेल तर नुसता गिलावा वायफळ ठरतो; आधी खड्डा घेऊन पाया मुरमापर्यंत गेला आहे का, ते पाहावे.