45 अंशांचा गोळा

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे, गोळाफेक करते. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात 45 अंशांना पल्ला सर्वाधिक मिळतो असं आहे; कोच मात्र ‘गोळा खाली ठेव, वर काढू नकोस’ म्हणून ओरडतात. खरं कोणाचं?
– एक पालक

उत्तर : कोचचं. पुस्तकही चुकलेलं नाही, पण त्यातला गोळा जमिनीवरून निघून जमिनीवरच पडतो. तुमच्या मुलीच्या हातातून तो सुमारे दोन मीटर उंचीवरून सुटतो. मीही वर्षानुवर्षं फळ्यावर 45 लिहून खडूची धूळ झटकत आलो, तेव्हा तुम्हाला हसायचा अधिकार मला नाही.

आकडे घ्या. वेग सेकंदाला 10 मीटर, उंची 2 मीटर. 45 अंशांना गोळा 11.92 मीटर जाईल, 40 अंशांना 12.04. फरक जेमतेम 12 सेंटीमीटरचा. एवढ्यासाठी कोणी घसा कोरडा करणार नाही.

खरी मेख वेगात आहे. जड कपाट समोर ढकलायला छाती, खांदा, पाय सगळे कामाला येतात. तेच ओझं डोक्यावर उचलायचं म्हटलं की हात थरथरतात. गोळ्याचंही तसंच. कोन जितका उभा, तितका सुटतानाचा वेग कमी. उलट कोन 36 वर आणून वेग 10 चा 10.3 झाला, तर गोळा 12.55 वर पडतो! वेगाच्या त्या तीन दशांशांनी साठेक सेंटीमीटर दिले. म्हणून चांगल्या फेकींचे कोन बहुधा पस्तिशीच्या आसपास दिसतात. लांब उडीत तर हा कोन विशीच्या जवळपास असतो. भरधाव धावत आलेल्याला तेवढाच वेग वर वळवणं कोणाच्या पायांना जमणार?

(हवेचा अडथळा मी धरलेला नाही. गोळ्याला तो नगण्य; बॅडमिंटनच्या फुलाला हे गणित लावू नका.)

मुलीचा कोन मोजायचा असेल, तर मोबाइल गोळाफेकीच्या वर्तुळाच्या बाजूला, फेकीला काटकोनात, स्थिर ठेवून चित्रण करा. सेकंदाला 30 चित्रं असतील तर 10 मीटर वेगाचा गोळा दोन चित्रांमध्ये 33 सेंटीमीटर सरकतो. हातातून सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन चित्रांत गोळ्यावर ठिपके द्या, रेघ ओढा, कोनमापक लावा. वेगवेगळ्या कोनांच्या दहा फेकी मोजल्यात तर तिचा वेग कुठे घसरायला लागतो ते दिसेल. कोन 38 निघाला म्हणून लगेच कोचना फोन मात्र करू नका.