लघवी साफ होते, मग मूत्रपिंडाची तपासणी कशासाठी?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय 62 वर्षे असून त्यांना 14 वर्षांपासून मधुमेह आहे. लघवीला जळजळ नाही, पायांवर सूज नाही. उलट रात्री दोन-तीनदा उठावे लागते, इतकी लघवी होते. क्रिएटिनिन 1.2 म्हणजे मर्यादेत आहे. तरीही डॉक्टरांनी लघवीतील अल्ब्युमिन तपासायला सांगितले आहे. ते आवश्यक आहे का? गुडघेदुखीसाठी ते अधूनमधून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणतात आणि किडनी धुतली जावी म्हणून भरपूर पाणी पितात.
– एक वाचक

उत्तर : होय, आवश्यक आहे, आणि ही तपासणी कृपया लांबणीवर टाकू नका. लघवी भरपूर होते म्हणजे मूत्रपिंडे निरोगी आहेत, ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे आणि तिच्यामुळेच अनेक रुग्ण उशिरा येतात.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतून दिवसाकाठी जवळजवळ 180 लिटर द्रव गाळला जातो आणि पुढच्या नलिका त्यातील 99 टक्के पाणी, तसेच शरीराला हवे असलेले क्षार व साखर परत रक्तात घेतात; उरलेले दीड-दोन लिटर मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात उतरते. म्हणजे लघवीचे प्रमाण मुख्यतः किती पाणी परत शोषले गेले यावर ठरते, गाळण्या किती शाबूत आहेत यावर नव्हे. किंबहुना मूत्रपिंड थकू लागले की लघवी दाट करण्याची त्याची क्षमता कमी होते आणि रात्री उठावे लागते. वाढलेली रक्तशर्करा किंवा वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी हीही त्याची कारणे असू शकतात. मात्र हे रात्रीचे उठणे शुभलक्षण मानू नये.

आता क्रिएटिनिन. हा स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ असल्यामुळे 1.2 हा आकडा धट्टाकट्टा तरुण आणि साठी ओलांडलेला कृश माणूस यांच्या बाबतीत एकच अर्थ सांगत नाही. शिवाय मूत्रपिंडाची निम्मी क्षमता जाईपर्यंत तो मर्यादेत राहू शकतो. म्हणून त्यावरून वय धरून काढलेला गाळण्याचा वेग, ज्याला ईजीएफआर म्हणतात, तो विचारून घ्या. तो तीन महिन्यांहून अधिक काळ 60 च्या खाली राहिला तर तो मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार समजला जातो.

मधुमेहात गाळणीची जाळी सैल होऊन अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागते, आणि बहुतेकदा हे क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी घडते. लघवीतील एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे 30 मिलिग्रॅमहून कमी अल्ब्युमिन असणे ठीक. त्याहून जास्त आढळले तरी या टप्प्यावर साखर व रक्तदाब काबूत ठेवून आणि योग्य औषधे घेऊन झीज पुष्कळ मंदावता येते. नष्ट झालेल्या गाळण्या मात्र पुन्हा तयार होत नाहीत.

पाण्याने मूत्रपिंड धुतले जात नाही. मुतखडा होऊन गेलेल्यांना जास्त पाण्याचा खरोखर फायदा होतो, परंतु मधुमेहाने होणारी झीज त्याने थांबत नाही. मला अधिक काळजी वाटते ती गोळ्यांची : डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात, तेव्हा ती मनाने घेणे आजच बंद करावे आणि गुडघ्यांसाठी डॉक्टरांकडून पर्याय घ्यावा.

तपासणीसाठी सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना द्या. ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग असताना आकडा फसवा येतो, म्हणून तो बरा झाल्यावरच द्या. आणि एकदा जास्त आला तर पुढील तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासून खात्री करून घ्या.