बदललेल्या चयापचयामुळे यकृताचा कर्करोग पसरतो म्हणजे नेमकं काय होतं? गोड बंद केलं तर थांबेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. का, ते पहिला प्रश्न उलगडला की लक्षात येईल. मी जीवरसायनशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही, तेव्हा उपचारांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

निरोगी यकृतपेशी साखर साठवते ती इतरांसाठी. जेवणानंतर ग्लुकोज आत घेते, उपाशीपोटी रक्तात परत सोडते. तिच्यातलं ग्लुकोकायनेज हे एन्झाइम रक्तात साखर भरपूर असेल तेव्हाच जोर धरतं आणि साखर बाहेर सोडायला ग्लुकोज-६-फॉस्फेटेज लागतं. कर्करोग जसजसा आक्रमक होतो तसं ग्लुकोकायनेज मागे पडतं आणि त्याच्या जागी हेक्झोकायनेज-२ हे दुसरं एन्झाइम येतं. हे साखर कमी असतानाही ती ओढून घेतं. फॉस्फेटेजही घटत जातं. देणारी पेशी निव्वळ घेणारी होते.

हे पेट स्कॅनवर चक्क दिसतं. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोज शिरेतून देतात आणि ते जिथे अडकून राहतं ती जागा उजळते. गंमत अशी, की यकृतातच सुरू झालेल्या कर्करोगाच्या बऱ्याच गाठी या स्कॅनमध्ये दिसतच नाहीत, कारण त्यांच्यात फॉस्फेटेज अजून शाबूत असतं आणि घेतलेली साखर त्या सोडून देतात. ज्या ठळक उजळतात त्या बहुधा यकृताचे गुण गमावलेल्या असतात. रक्तवाहिनीत शिरणं, शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उद्भवणं हे त्यांच्यातच जास्त आढळतं. चयापचय आणि पसरणं यांचा संबंध दाखवायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

आता ओढलेल्या साखरेचं काय होतं? १९२० च्या दशकात ओटो वॉरबर्ग यांनी दाखवलं, की ऑक्सिजन असूनही कर्करोगाच्या पेशी बरंचसं ग्लुकोज पूर्ण न जाळता त्याचं लॅक्टेट करतात. एका ग्लुकोजमागे ३० च्या आसपास एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळायचे, तिथे २ वर भागवतात. तोट्याचा सौदा वाटतो, पण वाटेत नव्या पेशी बांधायचा कच्चा माल मिळतो. लॅक्टेटसोबत आम्लही बाहेर पडतं आणि पसरण्याची सुरुवात इथून होते. आम्लात पेशींभोवतालचं जाळं कुरतडणारी एन्झाइम जोमात येतात आणि कर्करोगावर तुटून पडणाऱ्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) मंदावतात. गाठीत ऑक्सिजन कमी पडला की एचआयएफ-१ हे प्रथिन टिकून राहतं. ते साखर ओढणारी जनुकं चालू करतंच, शिवाय स्नेल आणि ट्विस्ट या प्रथिनांनाही जागं करतं. त्यांच्यामुळे शेजारच्या पेशींना धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन कमी होतं आणि पेशी सुटी होते. मग ती जाते बहुतेकदा पोर्टल व्हेनच्या (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेच्या) फांद्यांतून यकृताच्याच दुसऱ्या भागात, आणि यकृताबाहेर सर्वाधिक वेळा फुप्फुसात.

मात्र सुटी पेशी रक्तात तगेलच असं नाही. तिथे ऑक्सिडेशनचा मारा असतो. तो झेलायला एनएडीपीएच हा रेणू लागतो, म्हणून साखरेचा काही वाटा तो बनवण्याकडे वळतो. काही पेशी मेदाम्लं जाळून निभावतात. बीटा-कॅटेनिन या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असलेल्या गाठी तर मुळातच मेदावर जास्त विसंबतात. ‘कर्करोग साखरेवर जगतो’ हे वाक्य म्हणूनच मला अर्धवट वाटतं.

एकच रसद तोडण्याचा प्रयोग झालेला आहे. यकृताच्या बऱ्याच गाठींना आर्जिनिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) स्वतः बनवता येत नाही, म्हणून रक्तातलं आर्जिनिन संपवणारं औषध तयार केलं गेलं. ते एकटं देऊन तिसऱ्या टप्प्यातली चाचणी झाली, पण रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही.

साखरेचं तर त्याहून अवघड. तुम्ही ती खाल्ली नाही तरी शरीर रक्तातली पातळी खाली जाऊ देत नाही, स्नायूंमधली प्रथिनं मोडून ग्लुकोज बनवतं. म्हणजे झिजतात ते स्नायू. लठ्ठपणा आणि मधुमेहाने या कर्करोगाचा धोका वाढतो हे खरं, पण तो मुद्दा रोग होण्याआधीचा. रोग झाल्यावर, त्यातही सोबत सिरॉसिस (यकृतावर व्रण पडून ते कडक होणं) असेल तर, उपास टाळायला आणि पुरेशी प्रथिनं घ्यायला सांगतात. रात्रभर पोट रिकामं राहू नये म्हणून झोपण्यापूर्वी थोडं खाऊन घ्यायलाही.